न प्यालेल्या दारूचा कबुलीजबाब

इंद्रदेव शोफेर दारू पीत नाही, हे बेटावरच्या पेती राफ्रेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि निम्म्या गावाला ते खुपत होतं. ऊसतोडीचा हंगाम संपला की लॉरीमालक नंदलाल आपल्या चारही शोफेरांना रमची एकेक बाटली द्यायचा. इंद्रदेव ती दोन्ही हातांनी घ्यायचा, मालकाला नमस्कार करायचा, आणि फाटकाबाहेर जो पहिला हमाल दिसेल त्याच्या हातात ठेवून चालू लागायचा. "मोठा साधू लागून गेलास," असं म्हणत हमाल बाटली मात्र घ्यायचे.

त्याचा बाप दारूत गेला होता. अकरा वर्षांच्या इंद्रदेवने त्याला कितीदा तरी उसाच्या पाटातून ओढून घरी आणलं होतं, आणि एकदा ओढत असताना बापाने दगडाळ वाटेवर त्याचा हात मोडला होता. तो हात बसला, पण वाकडाच राहिला. आईने मरताना त्याच्याकडून वचन घेतलं नाही. तशी गरजच तिला वाटली नसावी.

त्या वाकड्या हाताने तो देवळात मृदंग फार चांगला वाजवायचा. गावातल्या मराठी मंडळाचं देऊळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, समोर सिमेंटचा ओटा, शेजारी एक खोली. त्या खोलीत दर शनिवारी त्याची बायको विद्यावती पोरांना बाराखडी शिकवायची. पोरं बेटाच्या क्रेओल बोलीत भांडायची आणि मराठीत मार खायची. नवरा-बायकोला मूल नव्हतं. त्याबद्दल लोक बोलून बोलून थकले, तेव्हा कुठे ती दोघं सुखाने राहू लागली.

एकाहत्तर साली इंद्रदेव एकतीस वर्षांचा होता. त्या वर्षी त्याला तहान लागायला लागली. घागरच्या घागर संपायची तरी ओठ कोरडेच. दोन महिन्यांत पँट कमरेवरून घसरू लागली. त्याचा धाकटा भाऊ जयदेव तेर रूजच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीशी होता. त्याने दादाची लघवी काचेच्या नळीत घेतली, तीत साखर तपासायची गोळी टाकली. नळी फसफसली आणि आतलं पाणी निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होत शेवटी विटेच्या रंगाचं झालं.

"दादा," जयदेव म्हणाला, "तुला रोज सुई घ्यावी लागेल. मरेपर्यंत."

"आणि गाडी?"

जयदेवने दार लोटून घेतलं. सुई घेणाऱ्या माणसाला लॉरीचं लायसन्स मिळत नसे. दर दोन वर्षांनी डॉक्टरच्या सहीचा कागद द्यावा लागे, त्यात हा आजार आहे का, असा प्रश्नच असे. इंद्रदेवला दुसरं काही येत नव्हतं. वाकड्या हाताला ऊस तोडायचा कोयता झेपत नव्हता, स्टिअरिंग तेवढं झेपायचं.

"कागदाचं मी बघतो," जयदेव म्हणाला. त्याने बघितलंही. डॉक्टरसमोर सहीला ठेवलेल्या तीस-चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात दादाचा कागद मधोमध घातला. डॉक्टर कपाळावर घाम घेऊन सह्या करत होता, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

भावावर भावाची माया होती, यात शंका नाही. जयदेवनेच त्याला सगळं शिकवलं. काचेची पिचकारी पातेल्यात उकळून कशी घ्यायची, मांडीची जागा रोज कशी बदलायची, औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात कशी ठेवायची. आणि एक गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा घोकून घेतली.

"साखर चढली तर हळूहळू मारते, दादा. पण सुई घेतलीस आणि खाल्लं नायस, किंवा जास्त राबलास, तर साखर उतरते. ती उतरली की वेळ देत नाय. ओठावर घाम आला, जीभ जड झाली, हात कापले की लगेच दिसिक खायची. गाडी थांबवायची. साखर खाल्ल्यावर पंधरा मिनिटं बसायचं, मग रोटी खायची, मगच किल्ली फिरवायची."

दिसिक म्हणजे साखर. ज्या बेटावर घरोघरच्या अंगणापर्यंत ऊस उभा, तिथे इंद्रदेव साखरेचे तीन चौकोनी तुकडे कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवू लागला. सकाळी सहाला बत्तीस युनिटांची सुई, त्यावर रोटी आणि भाजी. दहाला पुन्हा रोटी. हे त्याने पाच वर्षं असं सांभाळलं की शेजाऱ्यालाही कळलं नाही. कधी साखर उतरायची. तेव्हा तो लॉरी कडेला घ्यायचा, बोनेट उघडायचा, आणि इंजिनात डोकं घालून साखर चघळत उभा राहायचा. लोकांना वाटायचं, गाडी तापलीय.

पण एक गोष्ट जयदेवने सांगितली नव्हती. बहुधा त्यालाही तेव्हा माहीत नसावी. साखर वारंवार उतरायला लागली की शरीर हाका मारायचं सोडून देतं. आधी घाम यायचा, मग हात कापायचे. पाचव्या वर्षी घाम येईनासा झाला. मग हातही स्थिर राहू लागले. इंद्रदेवला वाटलं, आजार अंगवळणी पडला.

शहात्तर सालचा सप्टेंबर. तोडणी ऐन भरात होती. त्या दिवशी कारखान्याचा एक पट्टा तुटला म्हणून सकाळपासून लॉऱ्यांची रांग लागली, आणि साडेनऊला पट्टा जोडल्यावर नंदलाल रांगेपाशी येऊन ओरडू लागला, "दुपारच्या आत तीन खेपा! कोण जेवायला थांबला तर उद्या येऊ नको!" एक हमाल आला नव्हता. इंद्रदेवने स्वतः खाली उतरून उसाच्या मोळ्या चढवल्या. दहाची रोटी डब्यात तशीच राहिली. खेप झाली की खाऊ, असं त्याने ठरवलं. ते ठरवल्याचं त्याला आठवतं. सीटवर चढल्याचं आठवतं. समोरच्या रस्त्यावर ऊन फार पांढरं पडलं होतं, एवढं आठवतं.

त्यापुढचं त्याला कधीच आठवलं नाही. जे घडलं ते त्याला दुसऱ्यांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने थोडं वेगळं सांगितलं.

वळणावरच्या दुकानासमोर भगवती बसायची. पन्नाशीची बाई, पुढ्यात गातो पिमाची कढई. डाळीची ती तिखट भजी सगळे शोफेर तिच्याकडून घ्यायचे. ती इंद्रदेवला ओळखायची. लॉरी रस्ता सोडून सरळ आपल्याकडे येतेय हे पाहून ती उठली नाही, उलट हात वर करून हसली, म्हणे. तिला वाटलं असेल, भजी घ्यायला थांबतोय. लॉरी थांबली ती दुकानाच्या भिंतीत शिरून. मागचा ऊस पुढे आला आणि कढईवर, तेलावर, भगवतीवर पडला. लोकांनी मोळ्या उपसल्या तेव्हा ती जिवंत होती. दुपारपर्यंत होती.

शोफेर खाली उतरला तो झोकांड्या खात. त्याने आधी दुकानदाराला मिठी मारायचा प्रयत्न केला. मग ऊस गोळा करणाऱ्या लोकांकडे बघून हसला. कोणीतरी ओरडलं, "ली सू! ली सू!" प्यालाय, प्यालाय. आणि मग लोक त्याच्यावर तुटून पडले. उसाच्या कांड्यांनी मारला. पुढचे दोन दात पडले. दगडाने डोकं फुटलं. पोलिस आले तेव्हा तो रस्त्यावर पालथा पडून मातीत बोटांनी ताल धरत होता, असं दुकानदाराने सांगितलं.

चौकीत त्याचे खिसे रिकामे केले. रुमाल, लायसन्स, किल्ली आणि कागदात बांधलेले साखरेचे तीन तुकडे. त्याला कोठडीत टाकलं. तिथे तो दोन तास घोरत पडला, आणि प्यालेला माणूस घोरतो तसंच ते घोरणं असल्यामुळे कोणी बघायला गेलं नाही.

जयदेवला निरोप मिळाला तसा तो सायकल मारत आला. गजांतून दादाचा चेहरा पाहिला आणि क्षणात ओळखलं. "साखर द्या, पाणी द्या," म्हणून तो ओरडला. हवालदाराने कोठडी उघडली आणि ग्लासभर पाणी दिलं. साखर जयदेवने समोरच्या दुकानातून आणली.

इंद्रदेवला पहिली जाणीव झाली ती गालात कोंबलेल्या अंगठ्याची. मग गोडाची. मग तोंडात काहीतरी मोडलंय याची. डोळे उघडले तर वर जयदेव, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहतंय.

"गाडी खाली झाली का?" इंद्रदेवने विचारलं.

गजापलीकडचा हवालदार मोठ्याने हसला.

सांगायची पाळी जयदेववर आली नाही. हवालदारानेच सांगितलं. इंद्रदेवने पुन्हा विचारलं, "कोण?" हवालदाराने पुन्हा नाव सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हवालदार म्हणाला, "अजून उतरली नाय वाटतं याची."

चौथ्या दिवशी जयदेव रोजच्यासारखा सरकारी इस्पितळात आला. डोक्याला टाके पडले होते म्हणून इंद्रदेवला तिथे ठेवलं होतं, पायात साखळी घालून. जयदेवने खाटेच्या पुढे-मागे पाहून घेतलं आणि तो कानाशी वाकला.

"दादा, इथे त्यांना काय सांगितलंस? सुईचं?"

"काय नाय. तूच तर सुई टोचून जातोस."

"बरं केलंस. ऐक. सगळे तुला प्यालेलाच समजतायत. समजू दे."

इंद्रदेवला आधी कळलंच नाही.

"मी वकिलाला विचारलंय," जयदेव भरभर बोलू लागला. "प्यालेला माणूस म्हणजे एका दिवसाची चूक. न्यायाधीश एवढंच बघेल. पण आजार सांगितलास तर तो विचारेल, तुला कधीपासून माहीत होतं? पाच वर्षं. पाच वर्षं रोज सकाळी तू शुद्धीत गाडीवर चढलास, खोट्या कागदावर. मग ती चूक राहत नाय, दादा. आणि कागद कोणी केला, हे पण विचारतील."

"मी पित नाय, जयदेव."

"मला ठाऊक हाय."

"आपला बाप…"

"बाप मेला, आई मेली. कोणाला दाखवायचंय आता?" जयदेवचा आवाज फाटला. "माझ्या तीन पोरी हायत. माझी नोकरी गेली तर? मी तुझ्यासाठी केलं ना ते? तूच गाडीसाठी रडत होतास ना?"

हे खरं होतं. इंद्रदेव छताकडे बघत राहिला. वकिलाचं ते वाक्य त्याच्या छातीत रुतून बसलं होतं. रोज सकाळी. शुद्धीत.

विद्यावतीने ऐकलं तेव्हा ती उभी राहिली. "मी सांगते कोर्टात. मी पातेल्यात सुई उकळलीय रोज. माझ्याइतकं कोणाला माहीत हाय?"

"तू तोंड उघडायचं नाय," इंद्रदेव म्हणाला.

"अवो, दारुडा म्हणतील तुम्हाला. जन्मभर."

"आणि नायतर काय म्हणतील?" त्याने विचारलं. कढईजवळ बसलेली भगवती दोघांनाही डोळ्यांसमोर दिसत होती.

कोर्ट भरलं ते पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. हवालदाराने साक्ष दिली. चाल अडखळती, बोलणं तोतरं, डोळे लाल. "आणि खिशात साखरेचे तुकडे होते. दारुडे ठेवतात, मुस्यु, तोंडाचा वास जावा म्हणून." न्यायाधीशाने विचारलं, ते तुकडे कुठे आहेत? हवालदार गडबडला. मग म्हणाला, "चहात टाकले, मुस्यु." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसू दाबत कागद उलटू लागला. मागच्या बाकावर भगवतीचा नवरा बलराम बसला होता. सगळ्या खोलीत न हसलेली माणसं दोनच होती.

मग इंद्रदेवला विचारलं. तो उठला. "मी प्यालो होतो," तो म्हणाला.

"किती?"

हे त्याला कोणी पढवलं नव्हतं. दारू किती प्याली की माणूस पडतो, हे त्याला नीट माहीत नव्हतं. त्याने बाप आठवला. "एक बाटली," तो म्हणाला.

दहा महिन्यांची शिक्षा झाली. लायसन्स कायमचं गेलं.

तुरुंगात दवाखाना होता. आजार तिथे सांगावाच लागला, पण कैद्याच्या आजाराशी बाहेर कोणाला देणंघेणं नव्हतं. तिथला माणूस सकाळी सहाला सुई टोचायचा. जेवण मात्र पहारेकऱ्यांच्या मर्जीवर यायचं, कधी आठला, कधी दहाला. आठवड्यातून दोनदा तरी इंद्रदेवची साखर उतरायची. बराकीतल्यांना त्यात एक खेळ सापडला. त्याची जीभ जड झाली, नजर काचेसारखी झाली की ते त्याच्या पुढ्यात बादली पालथी घालायचे. "वाजव, शोफेर!" तो वाजवायचा. काय वाजवतोय हे त्याला कळायचं नाही, पण बोटांना भजनाचे ठेके पाठ होते. बादलीवर देवाचा ठेका चालायचा आणि बराक टाळ्या पिटायची. पुरेशी मजा झाली की कोणीतरी त्याच्या तोंडात पाव कोंबायचं. पाव आधी दिला तर वाजवणं बंद पडतं, हे त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. शुद्धीवर आला की बोटांची सालं निघालेली असायची.

तो सुटून आला तेव्हा घरात मृदंग नव्हता.

"मंडळाने नेला," विद्यावती म्हणाली. "मंडळाचा होता म्हणे. तुमचं नाव काढलं वहीतनं. माझा वर्ग पण थांबवलाय, थोडे दिवस म्हणून."

"ठराव कोणी मांडला?"

"कोणी का मांडेना."

"जयदेव होता?"

विद्यावती चुलीकडे वळली. "होता. हात वर केला त्याने. सगळ्यांनी केला."

जयदेव मात्र घरी यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी औषधाची बाटली, सुया, नळीत टाकायच्या गोळ्या, सगळं पिशवीत घालून आणायचा, ओट्यावर ठेवायचा. दुसरीकडून घेतलं तर नोंद होईल, चौकशी होईल, असं तो म्हणायचा. इंद्रदेव पिशवी घ्यायचा. जिवंत राहायचं तर ती घ्यावीच लागणार होती.

इंद्रदेव लोकांच्या भाजीच्या वाफ्यांत खुरपणीला जाऊ लागला. आणि त्याने एक गोष्ट केली, जी जयदेवला सांगितली नाही. बत्तीस युनिटांऐवजी तो अठराच घेऊ लागला.

रोज सकाळी विद्यावती नळीत गोळी टाकायची. रोज पाणी विटकरी व्हायचं. "हे बघा," ती म्हणायची. "आज पण. तुम्ही मराल अशाने."

"विटकरी बरी."

"कशी बरी?"

"साखर चढली तर मी मरेन," इंद्रदेव म्हणाला. "उतरली तर दुसरं कोणी."

"अवो, आता तुमच्या हातात खुरपं हाय. लॉरी नाय."

तो ऐकायचा नाही. शुद्ध हरपण्याची त्याला अशी धास्ती बसली होती की ओठावर साधा उन्हाचा घाम आला तरी तो खुरपं लांब फेकून द्यायचा आणि हात पाठीमागे धरून उभा राहायचा. त्याच भीतीपायी पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडून गेली. एक डोळा विझला. दुसऱ्यासमोर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तरंगू लागलं.

डोळा पुरता जायच्या आत एक काम करायचं त्याने ठरवलं. त्र्याऐंशी साली तो काठी टेकत बलरामच्या घरी गेला.

बलराम दारात बसून पीत होता. त्याने इंद्रदेवला बसायला स्टूल दिलं, ग्लासही पुढे केला. इंद्रदेवने मान हलवली आणि सगळं सांगितलं. सुई, कागद, दहाची रोटी, वकील.

बलरामने एक घोट घेतला. मग म्हणाला, "मी पण पितो. आमची ती गेली तेव्हा मी तुला एक शिवी घातली नाय. लोक घालत होते. मला वाटायचं, त्या दिवशी गाडीवर मी पण असू शकलो असतो." त्याने ग्लास खाली ठेवला. "ती साखर. ती वासासाठी नव्हती तर."

"नाय."

"खाल्ली असतीस तर थांबला असतास?"

"हो."

"खिशात होती. तुझ्याच खिशात." बलरामचा आवाज अगदी शांत होता. "मग का नाय खाल्लीस?"

इंद्रदेवला उत्तर ठाऊक होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. साखर खायची आठवण ज्याला व्हायला हवी तो माणूसच आधी नाहीसा होतो. मागे उरतात हात-पाय आणि ताल धरणारी बोटं. हे ज्याच्यावर गुजरलं नाही त्याच्यापुढे ते सबबीसारखंच वाटणार.

"सात वर्षं मी दारुड्याला माफ करत आलो," बलराम म्हणाला. "आता तू म्हणतोस दारुडा नव्हताच. मग मी कोणाला माफ केलं? जा. हे माझ्या दारात सांगू नको. देवळात जा आणि सगळ्यांपुढे सांग. मी येईन ऐकायला."

गणपतीचे दिवस आले. पहिल्या सकाळी देवळात मंडळाची सगळी माणसं जमतात. जयदेव त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष होता. सगळ्यांपुढे बोलताना साखर उतरली, जीभ अडखळली, तर घात होईल, हे इंद्रदेवने ओळखलं. म्हणून आदल्या दोन दिवसांपासून त्याने सुईच घेतली नाही. विद्यावती हात जोडून विनवत राहिली. "एकदा नीट बोलू दे," तो म्हणाला. "मग दे टोचून हवी तेवढी."

देवळात शिरताना त्याला धाप लागली होती. तोंड वाळून जीभ टाळूला चिकटत होती. आरती झाली, आणि जयदेव बोलायला उभा राहायच्या आत इंद्रदेव काठी टेकत पुढे गेला. लोकांची कुजबुज थांबली. दारात बलराम उभा होता. एवढं त्या एका डोळ्याला अंधूक दिसलं.

"मी प्यालो नव्हतो," तो म्हणाला. "मला आजार हाय. सुईचा. जयदेवला माहीत हाय. त्यानेच कागद…"

जीभ वळेना. शब्द लाळेत अडकले. त्याने आधारासाठी जवळच्या माणसाचा खांदा धरला. तो माणूस नाक मुरडून मागे सरकला. "वास येतोय," तो शेजाऱ्याला म्हणाला. "गोडसर. फळं कुजल्यावाणी."

आणि खरंच येत होता. अंगात सुई नसली, साखर फार चढली की श्वासाला तसाच वास येतो. तो दारूच्या वासाच्या इतका जवळचा असतो की दवाखान्यात नवी आलेली माणसंही फसतात. सगळ्या देवळात हे एकाच माणसाला माहीत होतं.

जयदेव पुढे आला. त्याने दादाला कमरेत हात घालून सावरलं. चेहरा त्याच्या तोंडाजवळ नेला, श्वास घेतला. मग लोकांकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "माफ करा. सणाचा दिवस हाय. दादा आज पुन्हा पिऊन आलाय."

विद्यावती बायकांमधून ओरडत उठली. "खोटं हाय! भावजी, देवासमोर…" पण तिच्याभोवतीच्या बायकांनी तिला खाली बसवलं. बिचारी, असं म्हणत बसवलं. दोन तरुण पोरांनी इंद्रदेवला काखेत धरून बाहेर नेलं. दारातून जाताना तो बलरामच्या अगदी अंगाला लागून गेला. बलरामने सिगरेट पेटवली.

घरी पोचेपर्यंत इंद्रदेवला उलट्या सुरू झाल्या, श्वास भात्यासारखा चालू लागला. तासाभरात जयदेव पिशवी घेऊन आला. विद्यावती दारात आडवी उभी राहिली. "वैनी, बाजूला व्हा," तो म्हणाला. "तो मरेल." आणि ती बाजूला झाली. दुसरं काय करणार होती? दिवसभर जयदेव खाटेशी बसला. तासातासाला सुई टोचत, चमच्याने मिठाचं पाणी पाजत, नळीतला रंग बघत. त्याने दादाला वाचवलं. पुढे गावात तो ते सांगतही असे.

त्यानंतर इंद्रदेव चार वर्षं जगला. दुसरा डोळाही गेला. विद्यावतीचे हात कापू लागले होते, तिला पिचकारीवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. जयदेव दवाखान्यात जायच्या आधी रोज सकाळी सहाला यायचा, हाताने चाचपून मांडीची नवी जागा शोधायचा, सुई टोचायचा, आणि आंधळा भाऊ पूर्ण रोटी खाईपर्यंत समोर बसून राहायचा. दोघं बोलत नसत.

फक्त एकदा, जेवता जेवता, इंद्रदेवने घास हातात धरून विचारलं, "जयदेव. त्या दिवशी देवळात खरंच वास येत होता?"

"येत होता, दादा."

"दारूचा?"

वीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या जयदेवने भावाच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. विद्यावती चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती.

"रोटी खा," जयदेव म्हणाला. "सुई घेतलीयस."